बिनचोकची गाडी

६ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलायची सोय नाही. ज्यांच्याविषयी बोलायचंय ते तुमचे दादा, म्हणजे आमचे अण्णा, सदानकदा शेजारच्याच खोलीत असतात. म्हणून हा कागद.

आधी चांगली बातमी. गॅरेजमध्ये लग्नानंतरच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच अण्णांनी एक अख्खं काम माझ्यावर सोपवलंय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची व्हॅन आहे. आत तपासणीची यंत्रं, खुर्ची, चष्म्यांच्या पेट्या, आणि एवढं ओझं घेऊन ती डोंगरावरच्या वस्त्यांना जाते. जुन्या इंजिनाला चढ झेपेना, म्हणून टर्बो बसवला. टर्बो हवा जास्त कोंबतो, मग पेट्रोलही जास्त हवं, म्हणून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे घातले. आता गंमत अशी की जुने इंजेक्टर म्हणजे चमचा होता आणि हे म्हणजे पळी. गाडीच्या कॉम्प्युटरला अजून चमचाच वाटतो. त्याला लॅपटॉपवरून समजवायचं की बाबा रे, कमी वेळ उघड. चढावर किती, सपाटीला किती, नुसती उभी असताना किती, सगळे आकडे नव्याने भरायचे. सायलेन्सरमध्ये मीटर खुपसून बघायचं. एक भाग पेट्रोलला साडेचौदा भाग हवा आली की साध्या चालीला गाडी खूश.

दोन तारखेला संध्याकाळी मी ते जमवलं. अगदी लोण्यासारखी चालत होती. तीनला दुपारी बघते तर पेट्रोल कमी पडतंय! पुन्हा आकडे वाढवले, पुन्हा जमलं. चारला पुन्हा कमी. पाचला पुन्हा. आजही तेच. आत्या, नाकी नऊ आलेत. फिल्टर बदलला, वायरी तपासल्या. पेट्रोलचं प्रेशर तर मी पहिल्याच दिवशी गेज लावून बसवलं आणि नट आवळून टाकला, त्याला हात लावणारं जगात कोणी नाही.

आता पोटात ठेवायची गोष्ट. मला एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलंय. सुट्या भागांच्या विभागात टेबलाशी बसून नंबर जुळवायचे. पंचवीस तारखेपर्यंत उत्तर धाडायचंय. तुमच्या भाच्याला तिथल्या शाळेत भूगोल शिकवायला मिळेल, त्यांची काही तक्रार नाही. मला इंजिन सोडून जायचं नाहीये. पण चोवीसला व्हॅन द्यायचीय, आणि एक गाडी मला धड लावता येत नसेल तर अण्णांचं चाळीस वर्षांचं नाव मी कशाला घालवू? व्हॅन जमली तर राहीन, नाही जमली तर जाईन. अण्णांना यातलं अवाक्षर कळवू नका. शपथ आहे.

तुमची सूनबाई


७ फेब्रुवारी

चिमे,

गुडघा बरा आहे. पुढच्या पत्रात त्याची चौकशी केलीस तर उत्तर देणार नाही.

आपली मास्तरीणबाई मोठ्ठं काम करतेय. मास्तरांची बायको म्हणून मास्तरीण नव्हे हं, उठल्यासुटल्या मलाच शिकवते म्हणून. व्हॅनच्या पोटात लॅपटॉपची वायर घालून अशी बसते, जसं काही ऑपरेशन चाललंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चिरंजीवांचा तर प्रश्नच नाही, त्यांना टायर आणि ट्यूबमधला फरक नकाशावर दाखवावा लागेल. पण पोरीचा हात चांगला आहे, चिमे. नट आवळताना ती कान देऊन ऐकते. असं ऐकणारं माणूस मी माझ्या हाताखाली दुसरं पाहिलं नाही.

एवढंच की अजून जरा नवखी आहे. पेट्रोल जास्त सोडते. मी सहाला उठतो, ती यायच्या आत गॅरेज उघडून व्हॅन सुरू करून बघतो. रोज सकाळी पेट्रोलचा वास! जुन्या गाड्यांना कार्बोरेटर होता, जास्त पेट्रोल सोडणारा चोकचा दांडा ओढलेला असला की असा वास यायचा, ते आपल्याला माहीत आहे. पण हिला चोक नाहीच. डॅशबोर्डखाली वाकून वाकून शोधला, दांडा नाही. म्हणजे वास येतो तो चुकीचाच. मग काय करतो, पेट्रोलच्या नळीवर तिने एक नवा डबीसारखा भाग बसवलाय, त्याला स्क्रू आहे. अख्ख्या इंजिनावर माझ्या ओळखीचा तेवढा एकच जीव. नट सैल करायचा, स्क्रू आट्याचा आठवा हिस्सा सोडायचा, नट पुन्हा आवळायचा. लगेच वास कमी होतो. फार नाही, रोज एवढुसंच.

तिला सांगत नाही. पहिलंच काम आहे, हिरमोड होईल. तूही सांगू नकोस, माझी शपथ. चोवीसला व्हॅन गेली की मी तिच्या हातात किल्ल्या देणार आणि म्हणणार, बाई, आजपासून गॅरेज तुझं, मी इथे चहा प्यायला येणार. कधीपासून मनात आहे. तोवर गाडीने तिला दगा देऊ नये, एवढ्यासाठी ही धडपड.

तुझा दादा


१० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं. ते कोणाचं, ते विचारू नकोस. या घरातली माणसं मला पत्रं लिहितात की शपथा घालतात, तेच कळेनासं झालंय. मी शिवणयंत्रासमोर बसून दोन्ही पत्रं तीनदा वाचली आणि एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या.

कंपनीचं मी कोणाला सांगणार नाही. पण त्यांना इतक्यात हो म्हणू नकोस.

माझ्या दुकानातली एक गोष्ट ऐक. एकदा ओळीने आठ शर्ट आखूड झाले. मी कापड बदललं, कात्री बदलली, शेवटी चष्मा बदलला. आणि चूक होती कुठे? माझ्या हाताखालच्या बाईने टेपचं फाटकं टोक नीट दिसावं म्हणून कापून टाकलं होतं. मायेनेच केलं बिचारीने, फक्त मला सांगितलं नाही. तेव्हा तू जे पक्कं धरून बसली आहेस, तेच आधी पुन्हा तपास. सकाळी लवकर तपास. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि लिहिता येत नाही म्हणून माझ्या जिवाचा नुसता संताप होतोय.

जेवत जा वेळेवर.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

तुमच्या टेपेच्या गोष्टीने एकदम डोक्यात प्रकाश पडला! मोजायचं साधनच चुकत असणार. मीटर! लगेच पलीकडच्या गॅरेजवाल्याकडून त्याचं मीटर मागून आणलं आणि दोन्ही एकाच वेळी सायलेन्सरला लावली.

दोन्ही अगदी सारखी. एका काट्याचा फरक नाही.

म्हणजे मीटर बरोबर, वायरी बरोबर, फिल्टर नवा. उरलं कोण? मीच. रोज पेट्रोल थोडंथोडं वाढवतेय आणि रोज ते थोडंथोडं कमी पडतंय. पहिल्या दिवसापेक्षा आकडे कुठल्या कुठे गेलेत. आता इंजेक्टरही नीट फवारत नाहीत असं वाटतं, थेंब गळल्यासारखा आवाज येतो. सकाळी लवकर जायचं म्हटलं तर अण्णा आधीच तिथे असतात, माझ्यासाठी चहा गाळून ठेवलेला असतो. आणि इतक्या कौतुकाने विचारतात, "काय मास्तरीणबाई, आज कसा आहे पेशंट?" मी म्हणते, "छान." काय सांगू त्यांना? त्यांनी विश्वासाने दिलेलं काम माझ्या हातातून निसटतंय हे त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस मला होत नाही.

सूनबाई


१६ फेब्रुवारी

दादा,

गुडघ्याचं विचारत नाही. डोक्याचं विचारते. ठिकाणावर आहे का?

माझ्या दुकानासमोर एक टॅक्सीवाला उभा असतो, त्याला मी तुझा पराक्रम सांगितला. आधी पोट धरून हसला आणि मग मला नीट समजावून सांगितलं. नव्या गाड्यांना चोकचा दांडा नसतो, कारण इंजिन गार असलं की कॉम्प्युटर आपणहून जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं की आपणहून कमी करतो. दांडा दिसला नाही म्हणून चोकच नाही, असं तुला कोणी सांगितलं? सकाळी वास यायलाच हवा! तू दोन मिनिटं थांबला असतास तर गेला असता. पण थांबायचं कसं, तू लहानपणापासून दूध तापायच्या आधीच पातेलं उतरवणारा.

आणि तो स्क्रू तुझ्या जुन्या कार्बोरेटरसारखा पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा नाहीच. तो प्रेशरचा आहे. तू रोज सकाळी प्रेशर उतरवतोस, ती रोज दुपारी पेट्रोल वाढवते, की तू पुन्हा उतरवतोस. एकाच गाडीला तुम्ही दोघं दोन टोकांनी लावताय आणि ती बिचारी समजतेय की आपल्यालाच काही येत नाही.

आजच्या आज तिच्यापुढे जाऊन कबूल कर. स्क्रूला हात न लावता. ऐकलंस ना? हात न लावता.

चिमी


१९ फेब्रुवारी

आत्या,

संपलं सगळं.

आज दहा वाजता डॉक्टरीणबाई गाडी चालवून बघायला आल्या. काल संध्याकाळी मी सगळं लावून ठेवलं होतं, आकडा अगदी बरोबर होता. आज गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून काळा धूर. साधासुधा नाही, समोरच्या दुकानदाराने शटर खाली ओढलं इतका! पेट्रोल कमी पडतंय म्हणून पंधरा दिवस रडत होते, आणि आज एकदम इतकं जास्त की इंजिन आचके देऊन बंद पडलं. प्लग काढून बघितले तर काजळीने माखलेले. रात्रीत कोणी करणी केल्यासारखं.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "होईल हो, चोवीसपर्यंत वेळ आहे." पण वरच्या वस्तीवर सत्तर माणसं नंबर लावून बसलीत, हेही त्या बोलून गेल्या. त्यांनी माझ्यावर राग काढला असता तर बरं वाटलं असतं.

आणि अण्णा. ते दारातच उभे होते. त्यांनी धूर बघितला आणि मान खाली घालून आत निघून गेले. दुपारी जेवलेही नाहीत. त्यांच्या मनातून मी उतरले, आत्या. बाकी कशाचं नाही इतकं त्याचं वाईट वाटतंय.

कंपनीला होकार लिहिला. पाकीट चिकटवून ठेवलंय, चोवीसला टपालात टाकीन. व्हॅनचा टर्बो उतरवून जुने इंजेक्टर घालून देईन. चढाला दमेल, पण वर पोचेल तरी.

सूनबाई


२१ फेब्रुवारी

दादा,

सूनबाईचं पत्र आत्ता मिळालं. म्हणजे माझं वाचून तू कबुली दिली नाहीस. गुपचूप जाऊन सगळे आटे एकदम परत फिरवलेस! अरे, तिने तोवर त्याचा हिशेब धरून पेट्रोल वाढवून ठेवलं होतं ना! लाज वाटली म्हणून केलंस, मला कळतं. पण तुझी लाज तिला केवढ्याला पडतेय ते ऐक. तिला दुसरीकडे नोकरी आली आहे, टेबलाशी बसायची. होकार लिहून तयार आहे. तिला वाटतं तिला काम येत नाही, आणि तिला वाटतं तू तिला मनातून उतरवलंस.

तिने मला शपथ घातली होती, ती मी मोडली. तुझीही मोडायला मी तयार आहे. दोन दिवस देते. नाहीतर पहिली गाडी पकडून येते आणि तुझ्या गॅरेजच्या दारात उभी राहून मोठ्याने सांगते. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्याने बोलते ते तुला माहीत आहे.

चिमी


२४ फेब्रुवारी

आत्या,

काल सकाळी मी इंजेक्टर काढायला पाना हातात घेतला, तोच अण्णा आले. हातात माझाच प्रेशरचा गेज. म्हणाले, "थांब. आधी हा जोड."

मी म्हटलं, "अण्णा, प्रेशर मी बसवलंय, नट पक्का आहे."

"नाही. तो मी सैल केलाय. रोज."

मला अर्थच लागेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मान खाली घालून, पण एकही गोष्ट न गाळता. सकाळचा वास, न सापडलेला चोक, आठवा हिस्सा, सोळा दिवस. एकोणीसला सगळं एकदम उलट, आणि वर प्रायश्चित्त म्हणून अर्धा आटा जास्तच.

आत्या, मी ओरडले. सासऱ्यांवर आवाज चढवायची आयुष्यातली पहिली वेळ. "मला विचारता आलं नाही? एका शब्दाने? पंधरा दिवस मला वेड लागायची पाळी आली!" आणि मग रडायलाच लागले, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, तेही झोंबायला लागले. अण्णांनी स्वच्छ फडकं आणून दिलं आणि बाजूला उभे राहिले. म्हणाले, "तू जाणार आहेस ते मला कळलंय. चिमीवर रागावू नकोस. जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण गाडी तू बिघडवलेली नव्हतीस, एवढं ऐकून जा."

गेज जोडला. काटा भलतीकडेच! मी प्रेशर पुन्हा पहिल्यासारखं बसवलं, नट अण्णांनी आवळला. मग लॅपटॉपमध्ये मागे मागे गेले आणि दोन तारखेच्या संध्याकाळचे आकडे परत भरले, जसेच्या तसे. नवे प्लग घातले. इंजिन तापू दिलं आणि मीटर बघितलं.

साडेचौदा. आत्या, पहिल्याच दिवशी सगळं बरोबर होतं! पंधरा दिवस मी बरोबर असलेली गाडी दुरुस्त करत होते. तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि इतकी हसले की तुमचा भाचा वर्गातला नकाशा काखेत घेऊन तसाच आत धावत आला.

आज पहाटेच्या गार इंजिनावर शेवटची परीक्षा. अण्णांना मी मुद्दाम सायलेन्सरजवळ उभं केलं. सुरू केल्याबरोबर त्यांचं नाक फुगलं. "येतोय वास," म्हणाले. मी म्हटलं, "येऊ दे." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले, घट्ट. तीन मिनिटांनी वास गेला. "आपोआप गेला गं!" असं म्हणाले, जशी काही मीच जादू केली.

डॉक्टरीणबाई व्हॅन घेऊन गेल्या. वर पोचल्याचा निरोपही आला, मधे एकदाही थांबावं लागलं नाही म्हणे. किल्ल्यांचंही अण्णा बोलले. मी अजून हो-नाही काहीच म्हटलेलं नाही. पाकीट टेबलावरच आहे. उद्या शेवटचा दिवस.

सूनबाई


२७ फेब्रुवारी

चिमे,

तू यायची गरज पडली नाही. पण ये. मुद्दाम ये, चार दिवस राहा.

परवा सकाळी मी गॅरेजात मागे भांडी घासावीत तसे पाने पुसत बसलो होतो. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या विचारण्याला आता काय किंमत! पोरीला मी पंधरा दिवस छळलं, आणि तेही लाड समजून. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तिच्यावर सोडा." बाकी त्यांना कशातलं कळत नसलं तरी हे बरोबर सांगितलं.

ती आली. हातात पाकीट नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने आणखी एक गाडी आली आहे, तिचं बॉनेट उघडलं, टेकू लावला, आणि आत बघत बघतच म्हणाली, "कंपनीला नाही म्हणून कळवलं."

मी म्हटलं, "माझ्यासाठी राहू नकोस हं. तिथे कोणी तुझ्या कामात लुडबूड करणार नाही. सुखाची नोकरी आहे."

तेव्हा तिने मान वर केली. "ते खरंच आहे, अण्णा. तिथे माझ्या कामाला कोणी हात लावणार नाही. पण माझ्याआधी उठून, थंडीत, माझी गाडी नीट चालतेय ना म्हणून बघायला येणारंही तिथे कोणी नाही."

आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकली. मला म्हणाली, "या इकडे, हा भाग काय करतो ते दाखवते."

चिमे, मी गेलो खरा. पण तिने काय दाखवलं ते मला धड दिसलं नाही, डोळे भरून आले होते. आज पुन्हा विचारणार आहे.

तुझा दादा